एकादशीच्या घरी समुद्राचं गवत

देवगडहून मी पहिल्यांदाच पुण्याला निघाले, तेही लेकीच्या सासरी. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात हापूसच्या रसाची जेली. सुनंदाने लग्न स्वतःच ठरवलेलं. शनिवार पेठेतलं शाकाहारी घर, आणि आम्ही रोजचे मासे खाणारे. त्या घरात शिरल्यापासून पोरीने माशाचं नावही काढलं नव्हतं. माझं काही चुकलं तर बोल तिलाच लागणार, म्हणून एकादशीला चालेल असंच केलं होतं.

सातारा सोडल्यावर शेजारच्या बाईंना थोडी जेली दिली. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. घट्ट कशाने केलीत, म्हणाल्या. चायना ग्रास (दुकानात मिळणारे पांढरे, वाळके तंतू) घातलंय, मी सांगितलं. तर म्हणे, गवत नुसतं नावाला. आहे ते समुद्रातलं शेवाळ. मलायात त्याला अगर-अगर म्हणतात, शेवाळालाही आणि जेलीलाही. आपल्याकडे चिनी व्यापाऱ्यांकडून आलं असावं, म्हणून चिनी गवत. त्यांनी मजेत सांगितलं. मला मात्र वाटलं, समुद्रातलं म्हणजे त्या घरी माशासारखंच! जन्म गेला समुद्राकाठी, आणि एवढं ठाऊक नसावं! कात्रजचा घाट उतरेपर्यंत डबा खिडकीतून फेकून द्यावासा वाटत होता.

घरी पोचले तर पानं मांडलेली. विहीणबाईंनी बटाट्यावर शेंदेलोण (खाणीतलं मीठ) भुरभुरलं. समुद्राचं मीठ त्यांना उपवासाला चालत नाही, असं सुनंदा कुजबुजली आणि हौसेने जेलीची वाटी त्यांच्यापुढे ठेवून मोकळी झाली. त्यांनी चमचा उचलला तशी मी बोलून गेले, "थांबा, विहीणबाई. हे समुद्रातलं शेवाळ आहे. मलाच आज वाटेत कळलं. सुनंदाला काही ठाऊक नाही."

पोरीचा चेहरा पडला. विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला.

"झाकून ठेवा," त्या म्हणाल्या. "समुद्र उद्या चालतो आम्हाला."

सकाळी द्वादशीचं पारणं (उपवास सोडणं) त्यांनी त्याच वाटीने केलं. 'बरी झालीय' एवढंच बोलल्या. यातलं कौतुक किती आणि टोमणा किती, कोकणातल्या माणसाला काय कळणार? माझा जीव टांगणीलाच राहिला.

स्वारगेटला सुनंदा सोडायला आली. त्या तुला काही बोलल्या का, मी भीतभीतच विचारलं.

"बोलल्या ना," ती म्हणाली. मला वाटलं, झालं! "म्हणाल्या, माहेरी जाशील तेव्हा मासे पोटभर खाऊन ये. त्याला माझी परवानगी कशाला हवी?"

गाडी सुटली. तिचं लग्न झाल्यापासून असं निर्धास्त मी कधी बसलेच नव्हते. कात्रजच्या बोगद्यात अंधार झाला, तेवढ्यात रडून घेतलं.