भट्टी पाहून केलेली सही

आमचे थोरले काका बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. एकतीस वर्षं. काच तयार झाली की नाही, हे ते झरोक्यातून नुसता रंग बघून सांगत, आणि मीटर मागाहून त्यांच्याशी सहमत होई. घरीही तोच खाक्या. चहा पुढे आला की आधी रंग. "अजून दोन मिनिटं." काकू म्हणत, "घ्या मुकाट्यानं. भट्टी नाही, पातेलं आहे ते."

कामगारांनी काकांना पेन्शन फंडाचे विश्वस्त म्हणून निवडून दिलं. चार विश्वस्त साहेबलोक, पाचवे काका. बैठकीची रीत ठरलेली: अध्यक्ष ठराव वाचत, "काही कुणाचं?" विचारत आणि उत्तर यायच्या आत पान उलटत. त्यांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे बघा'नं सुरू होई आणि 'आपलंच आहे'वर येऊन बसे.

"म्हणजे बघा, नवी भट्टी घ्यायचीय. बँका व्याज फार लावतात. तेव्हा फंडातले सगळे पैसे कंपनीच्या रोख्यांत घालू. कंपनी काय, फंड काय, आपलंच आहे. काही कुणाचं?"

"माझं आहे," काका म्हणाले. "मी भट्टी बघितल्याशिवाय सही करणार नाही."

उलटायला घेतलेलं पान हवेतच राहिलं. कामगारांना हे कळलं तेव्हा छात्या फुगल्या. आपला माणूस म्हणतात तो असा.

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी मात्र जिन्यात गाठलं. "काका, भट्टी कसली बघताय? सगळे पैसे एकाच जागी, तेही मालकाकडेच. नियमात लिहिलंय, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं."

"भट्टीतलं माझ्याहून जास्त कुणाला कळतं, बाई?"

कुणालाच कळत नव्हतं. तिथेच घात झाला.

काका पदरचं भाडं खर्चून भट्टी बनवणाऱ्यांकडे गेले. आत रांगत शिरले. विटा वाजवून पाहिल्या, सांध्यांवरून नख फिरवलं. परत येऊन बाईंना म्हणाले, "लिहा. भट्टी स्वतः पाहिली. वीस वर्षं मरण नाही." खाली पाच सह्या झाल्या.

भट्टी खरंच उत्तम निघाली. पण गिऱ्हाइकांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या धरल्या. चौथ्या वर्षी कंपनी बुडाली, भट्टी विझवली, आणि आतली काच आतच थिजली. म्हाताऱ्यांचं पेन्शन तिसऱ्या हिश्श्यावर आलं.

पॅकिंगमधून निवृत्त झालेल्या मावशी घरी आल्या. आवाज चढवला नाही. "भाऊ, तुम्ही बघून आला होतात ना?"

"हो."

"मग?"

"भट्टी चांगली होती, मावशी."

मावशी पाणी न पिता गेल्या.

चौकशी लागली. चारही साहेबांनी एकच पाठ म्हटला: तो भट्टीचा माणूस, तो हो म्हणाला, आम्ही विसंबलो. आता नुकसानभरपाई विश्वस्तांच्या घरादारातून वसूल होणार होती. वकील काकांना म्हणाले, "तुम्ही म्हणा, मला कळलं नाही, साहेबांनी सांगितलं म्हणून सही केली. घर वाचलं तर त्यानंच वाचेल." सुनावणीला काकू बाकाच्या टोकाला बसून होत्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "सल्ला कुणाचा घेतलात?"

"माझाच."

"थोडे पैसे दुसरीकडे ठेवावेत, असं वाटलं नाही?"

"दुसरीकडचं मला कळत नव्हतं, साहेब."

"मग समजून सही केलीत, की सांगितलं म्हणून?"

वकील खोकले. काकांनी काकूंकडे पाहिलं नाही. "समजून. मला वाटलं, भट्टी समजली म्हणजे सगळं समजलं."

निकाल दोन पानी आला. पाचही दोषी. म्हाताऱ्यांचं हित बघायचं काम ज्याच्यावर असतं, त्याला 'कळलं नाही' म्हणून सुटता येत नाही, आणि 'दुसऱ्यावर विसंबलो' म्हणूनही नाही. चौघांची घरं तोवर बायकांच्या नावावर गेली होती. काकांचं काकांच्याच नावावर होतं.

काकूंनी काकांना दोन्ही पानं वाचायला लावली, शेवटपर्यंत ऐकली. "कधी सोडायचंय?" त्यांनी विचारलं.

"महिनाअखेर."

"सामान फार नाहीये आपलं," असं म्हणून त्या वरच्या फळीवरचे डबे उतरवायला लागल्या.