चादरीचे चार कोपरे

शेगावच्या महाराजांची पोथी मी नेमाने वाचते, पण सिस्टर म्हणून दवाखान्यात शिरले की माझा भरवसा यादीवर. कोणत्या कपाटात किती सलाइन, सिलिंडर कोण उचलणार, कोण कुठे उभं राहणार, सगळं लिहिलेलं. एका पावसाळ्यात आमच्या ग्रामीण रुग्णालयामागचा नाला फुगला आणि पाणी पायरीला लागून परत गेलं. पुढच्या पावसाळ्याआधी कर्मचाऱ्यांची तयारी करून घ्यायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मनात एक भीती होती, ती मात्र कुठल्याच यादीत नव्हती. बाळंतिणींचा वॉर्ड तळमजल्यावर, लिफ्ट नाही, वर जायला एकच अरुंद जिना. सिझेरियन झालेल्या बाईला पाण्यातून वर कसं न्यायचं?

सरावाचा दिवस गुरुवार निघाला. दर गुरुवारी शेगावला दर्शनाला जायचा माझा नेम चुकला, म्हणून मी चिडलेलीच होते. त्यात रुग्ण म्हणून स्ट्रेचरवर झोपायला कोणी तयार होईना. धडधाकट माणसाने आजाऱ्याचं सोंग घेतलं की दुखणं मागे लागतं, असा आमच्याकडे समज. आमचे जुने वॉर्डबॉय, त्यांना सगळे मामा म्हणतात, हात जोडून म्हणाले, “सिस्टर, तुमीच झोपा नं. यादी तुमची हाये.” सगळे हसले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण खरं सांगायचं तर मलाही झोपायचं नव्हतं. रिकामं स्ट्रेचर दोनदा वर नेलं, खाली आणलं, आणि मी यादीतल्या ‘रुग्ण वर नेणे’ या ओळीपुढे झाल्याची खूण केली.

बाकावर एक उंचापुरा म्हातारा पायाच्या फोडांना पट्टी बांधून बसला होता. पिंपळगाव राजा या गावाहून पायी शेगावला निघालेला. तो म्हणाला, “रिकामं काऊन नेऊन राह्यले, बाई? मी झोपतो. मले काय होते?”

त्याला घेऊन निघालो आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. रिकामं असताना आम्ही ते उभं करून वळवलं होतं. माणसासकट उभं कसं करणार? माझी खूण माझ्या डोळ्यांदेखत खोटी ठरली. म्हाताऱ्यानेच पडल्यापडल्या सांगितलं, चादरीत घ्या, शेतातून दुखणाईत माणूस आम्ही असाच आणतो. जाड चादर दुहेरी केली. चौघांनी चार कोपरे धरले, दोघींनी मधल्या कडा. वळण सहज पार झालं.

खाली आल्यावर तो मला म्हणाला, आता तुम्ही. नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. मी झोपले, चादर उचलली गेली, आणि वळणावर माझ्या हाताने आपोआप कठडा धरला. चादर एका अंगाला कलली. मामा ओरडले. म्हातारा मात्र शांतपणे म्हणाला, “कठडा सोडा, बाई. सहा जणं धरून हायेत तुमाले.”

मी हात सोडला. इतक्या वर्षांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. यादीतली ओळ खोडून नवी लिहिली आणि आभार मानायला बाहेर आले, तोवर तो निघून गेला होता.

त्याच वर्षी भर दुपारी नाला भिंतीवरून आत आला. वॉर्डात सिझेरियनच्या तिघी. बाळं आधी वर पोचवली, मग दोघींना चादरीतून नेलं. तिसरी कालच ऑपरेशन झालेली, जेमतेम विशीतली. बाळ डोळ्यांआड गेल्याने रडत होती. पाणी घोट्यावर आलेलं. वळणावर तिने कठडा घट्ट धरला, चादर कलली, मामांचा पाय ओल्या पायरीवरून सरकता सरकता राहिला. मी चादरीच्या एका कोपऱ्याला होते. तोंडून आपसूक निघालं, “कठडा सोड, बाई. आम्ही धरलंय तुला.” तिने माझ्याकडे बघितलं आणि सोडला. वर तिचं बाळ तिच्या कुशीत दिलं, तेव्हा खाली पाणी पलंगाच्या दांडीला लागलं होतं.

त्या म्हाताऱ्याचं नाव केसपेपरवर असेलच. प्रत्येक नोंद तपासणारी मी, ती एक अजून शोधलेली नाही. त्या गुरुवारी मी शेगावला जाऊ शकले नाही, आणि शेगावच्या वाटेवरचं माणूस माझ्या दारात आलं, एवढं मला पुरे आहे.

याद्या मी आजही करते. सरावाच्या यादीत रुग्ण म्हणून पहिलं नाव माझंच असतं. पूर्वी मंदिरात डोकं टेकवतानाही मनात उद्याची कामं चालू असायची; सरावाच्या चादरीत मात्र ती थांबतात. चादर उचलली जाते, जिन्याचं वळण येतं, कठडा हाताशी असतो, आणि मी हात पोटावर ठेवून डोळे मिटते.