एकमेकांचे बोल्ट

स्वयंपाकघरातून किटली नाहीशी झाली की समजायचं, कॉलिन रायफल धुतोय. जुनी लष्करी काडतुसं नळीत क्षार सोडतात, तो उकळत्या पाण्यानेच जातो, नाहीतर नळीला गंज धरतो. हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तोंडपाठ झालं. त्या दिवशी चहा उशिरा मिळतो आणि त्याला जवसाच्या तेलाचा वास येतो, कारण रायफलीचं लाकूड चोळलेल्या हातांनीच साहेबांनी किटली धरलेली असते.

महायुद्ध संपल्यावर लष्कराने या रायफली भंगाराच्या भावात विकायला काढल्या. आमच्या मॅलीत, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या या कोरड्या गहूपट्ट्यात, प्रत्येक शेतकऱ्याने एखादी घेतली, आणि कांगारूंच्या मागे धावताना जड नको म्हणून पुढचं लाकूड करवतीने उडवलं. अशी कापलेली थ्री-नॉट-थ्री दिसली की कॉलिन घरातलं कुणी गेल्यासारखा बसून राहतो. मग ती विकत आणतो आणि तिला जोडायला तसंच जुनं लाकूड शोधत गावोगाव हिंडतो. कुणी शेत विकून अवजारांचा लिलाव मांडला की हा सकाळीच म्हणणार, "व्हॅल, जरा चक्कर मारून येऊ." संध्याकाळी मी उन्हाने भाजलेलं नाक घेऊन परतते आणि तो हातभर लाकूड.

त्या लाकडाला तो पॉलिश-पेपर लावत नाही. "डाग आहेत तेच तर हवेत," म्हणतो. न्हाणीघराच्या भिंतीवरचे डागही त्याने याच श्रद्धेने जपलेत. धुण्याच्या खोलीत रायफलींची तिजोरी भिंतीला जखडलेली आहे, त्यामुळे माझं धुण्याचं यंत्र व्हरांड्यात. तपासणीला येणारा पोलीस दरवेळी तिजोरीचं कौतुक करतो आणि माझ्या यंत्राला अडखळतो.

त्याची सगळ्यांत लाडकी रायफल लिथगोच्या बंदूक-कारखान्यात युद्ध चालू असताना बनलेली; तिची नळी, लाकूड, नेमाची पट्टी, पुढचं टोपण, सगळ्यावर एकच क्रमांक ठोकलेला आहे. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून तिचा एकही भाग बदललेला नाही. रायफली जमवणाऱ्या या लोकांत अशा रायफलीला देवघरातल्या मूर्तीचा मान. फक्त तिचा बोल्ट तिचा नाही. मागे मूठ असलेला जो लोखंडी दांडा पुढेमागे सरकवून काडतूस भरतात, तो बोल्ट. तो आहे रॉस नॅनकिव्हेलच्या रायफलीचा. आणि आमचा रॉसकडे.

रॉस कुंपणापलीकडचा शेतकरी आणि कॉलिनचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी रायफली एकाच वेळी जमवायला घेतल्या. त्याची बायको मर्ल माझी मैत्रीण. नेमबाजी क्लबचा जुन्या रायफलींचा दिवस असला की हे दोघे ठो-ठो करायचे, आणि आम्ही दोघी किटल्या, सॉसेजं आणि लॅमिंग्टन केक सांभाळायचो. अशाच एका दिवशी दोघांनी नळ्या धुतल्या, बोल्ट पुसून एकाच टॉवेलवर शेजारी ठेवले, आणि घरी जाताना ज्याने त्याने दुसऱ्याचा उचलला. डोळ्यात तेल घालून क्रमांक वाचणारी ही माणसं!

घरी तिजोरीत ठेवताना कॉलिनच्या लक्षात आलं. त्याने लगेच फोन लावला.

"रॉस, माझा बोल्ट नेलास तू."

"मी नाही, तू माझा नेलास. आणून दे."

"आधी कुणी उचलला? पहिल्याने चुकीचा उचलला म्हणून दुसऱ्याला उरलेला मिळाला. तू पहिला उचललास. तू ये."

"मी सॉसेज खात होतो. तू ये."

झालं. सोळा वर्षं कुणीही गेलं नाही. मधलं अंतर दोन फाटकांचं.

मीच नेऊन टाकला असता. पण बोल्ट म्हणजे कायद्याने बंदूकच. परवाना नसताना तो बाळगणं गुन्हा. परवाना कॉलिनचा, तिजोरीची किल्ली कॉलिनच्या पट्ट्याला. मर्लचीही तीच रड. नवरे बोलेनात म्हणून आम्ही दोघी बेकरीच्या मागे भेटायचो, जणू आमचंच काही लफडं होतं. लग्न झालेल्या दोन आज्या, हातात पेस्टी, आणि गाडी कुणाची दिसली की भिंतीआड. "दोघांचीही डोकी एकाच लाकडाची," मर्ल म्हणायची. मग मर्ल गेली. चर्चमध्ये कॉलिनने रॉसचा हात धरला, बराच वेळ धरला, आणि मला वाटलं, आता सुटेल. गाडीत बसल्यावर म्हणतो, "तोही काही बोलला नाही."

मी घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर गाडी खड्ड्यात गेली असती.

यंदा पेरणीच्या सुमारास रॉसची मुलगी जनीन ॲडलेडहून आली. रॉस दोनदा स्वतःच्याच शेतात रस्ता चुकला होता. डॉक्टरांनी सांगितलं, एकटं ठेवू नका. परवाना रद्द झाला, रायफली एका परवानाधारक बंदूक-दुकानदाराकडे गेल्या, आणि रॉस मरे ब्रिजच्या वृद्धाश्रमात. जनीन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"कॉलिनकाका, तुमचा बोल्ट दुकानात आहे. तुम्ही बाबांचा घेऊन जा, तो माणूस अदलाबदल करून देईल. मी सांगून ठेवलंय. पण महिनाअखेर सगळं लिलावात जाणार, तेवढं बघा."

इतकं सरळ. मी किटलीही ठेवली नव्हती.

कॉलिन म्हणाला, "रॉस काय म्हणतो?"

"काका, बाबांना काल माझं नाव आठवत नव्हतं."

"तरी. त्याच्या तोंडून आल्याशिवाय मी नाही घेणार. त्याने म्हणावं, कॉल, चुकलं माझं."

जनीनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पोरी, याच्याबरोबर मी पन्नास वर्षं काढलीत. तू घरी जा."

ती गेल्यावर मी मात्र तोंड सोडलं. मर्लपासून सुरू केलं आणि धुण्याच्या यंत्रापर्यंत आले. शेवटी कॉलिन म्हणाला, "शनिवारी सोडशील मला रॉसकडे? मोतीबिंदूमुळे हायवेवर जमत नाही." म्हणजे जाणार होता, पण माफी वसूल करायला.

शनिवारी मरे ब्रिजला रॉस खिडकीशी बसला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट. वजन उतरलं होतं, बाकी तोच. आम्हाला बघून छान हसला, पाहुण्यांना हसतात तसं.

"या, बसा. लांबून आलात?"

कॉलिन टोपी हातात धरून उभाच राहिला. मग बसला. पाठ केलेलं बोलायला त्याने घसा साफ केला. "रॉस, बोल्टबद्दल आलोय. माझा बोल्ट तुझ्याकडे राहिला."

"माझ्याकडे?" रॉसचा चेहरा पडला. "अरेरे. मग मीच नेला असेन. चुकलं हं माझं. माफ करा."

सोळा वर्षं ज्यावर हा माणूस अडून बसला, ते असं, बिस्किटाची बशी पुढे करावी तितक्या सहज मिळालं. आणि देणाऱ्याला ठाऊकच नव्हतं तो कुणाला काय देतोय. कॉलिनकडे मला बघवेना. टोपीची कड तो बोटांनी चुरगाळत होता.

"नाही," तो म्हणाला. "नाही रे. मी खोटं बोललो. पहिला मी उचलला. तू खरंच सॉसेज खात होतास. मी घाईत होतो, नंबर बघितला नाही. माझ्या दोस्ताचा बोल्ट मी घेऊन गेलो आणि सोळा वर्षं परत केला नाही."

हे मला नवीन होतं. त्या क्षणी त्याच्या टाळक्यात टोपीच घालावीशी वाटली, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मर्लला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

रॉसने सगळं लक्ष देऊन ऐकलं, कुणा परक्याची अडचण ऐकावी तसं. "दोस्त आहे अजून?"

"आहे."

"माणूस कसा आहे? भांडखोर?"

"चांगला आहे. माझ्याइतकाच हट्टी. पण चांगला."

"मग बसलाय काय इथे?" रॉस पुढे वाकून त्याच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाला. "जा, देऊन ये त्याला. चहा पाजेल तो तुला."

"उद्या जातो," कॉलिन कसाबसा म्हणाला.

"उद्या कशाला? आजच जा. अशी कामं राहून जातात."