नऊ किलोंचा नवस

"मुलीचं वजन उतरू दे म्हणून नवस बोलले होते. नऊ किलो उतरलं. म्हणून यंदा सणाला हा मोठा मलिदा."

आई स्वयंपाकघरात शेजारच्या काकूंना सांगत होती. मी खजुराचं ताट घेऊन दाराबाहेरच थांबले.

"आमच्याकडे मुलगी पास झाली की पेढे वाटतात," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे काट्यावर पास झाली की मलिदा. चांगलंय."

आई हसली. माझं ताट कलंडलं आणि दोन खजूर फरशीवर पडले. 

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. थंडी ओसरताना आमचा झाडांचा सण येतो. त्या दिवशी नवसाला पावणाऱ्या एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलदोडा, वर फळं. रास्ता पेठेतून धायरीच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून तो घरापुरताच व्हायचा. यंदा आईनं एवढी माणसं बोलावली ती बाबांचा गुडघा बरा झाला म्हणून, असं मी धरून चालले होते. बाहेर टोप्या घालून बसलेले सगळे पुरुष माझ्या कंबरेसाठी प्रार्थना म्हणायला आले आहेत, हे मला आत्ता कळत होतं.

नवस कधीचा, ते लक्षात आलं. ठाण्याच्या एका स्थळाकडून निरोप आला होता, "मुलगी चांगली आहे, जरा भरलेली आहे." त्यानंतर मी ऑफिसमधल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे जायला लागले. भाकरी, मूग, ताक, संध्याकाळी चालणं. ते बरं चाललं होतं. पण आकडा उतरला की आईचा चेहरा उजळायचा, आणि तो पुन्हा उजळावा म्हणून मी आधी भाकरी सोडली, मग रात्रीचं जेवण. ऑफिसात सॅलड खाल्लं असं सांगायचे. ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. पाळी थांबली होती. विंचरताना केसांचे पुंजके निघायचे, तर आई म्हणायची, "टँकरच्या पाण्यानं होतं."

प्रार्थना झाली. सगळ्यांनी एलियाहूचं गाणं म्हटलं. फळांवरचे आशीर्वाद म्हणून झाल्यावर वाट्या फिरू लागल्या. माझ्यापुढची वाटी आईनं उचलली आणि हातावर सफरचंदाची फोड ठेवली.

"तुला एवढंच. पोह्यांत साखर आहे."

"आता कशी सडसडीत दिसते," आत्या म्हणाली.

"अजून पाच उतरू देत," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी याहून मोठा करीन."

ती खरोखर आनंदात होती. मला तेच सहन होईना. पाच उतरले की आणखी पाच. त्यानंतर माझं काय उरणार होतं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

चारचौघांत मी बोलत नाही. मराठीत तर वाक्य आधी मनात जुळवून घेते, इंग्रजी शाळेची सवय. या वेळी काहीच जुळवलं नाही.

"आई, हा नवस फिटला. आता पुढचा बोलू नकोस. ती वाटी मला दे, मला भूक लागली आहे."