रोटाचे गहू आणि माझं पथ्य

कॅन्सरमध्ये केस जातात, चव जाते, वजन जातं, हे सगळं डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. लोक आपल्याशी भांडायचं सोडून देतात, हे मात्र कोणीच सांगितलं नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेला, सुरतेत अडाजणच्या एका सोसायटीत राहणारा खानदेशी माणूस. वाद घालणं हा माझा एकमेव व्यायाम. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसायचं आणि अमेरिकेने वाढवलेल्या करापासून मेट्रोसाठी खणून ठेवलेल्या रस्त्यांपर्यंत जो विषय निघेल त्यात उलटी बाजू घ्यायची. आतड्याचा कॅन्सर निघाला आणि आठवड्याभरात अख्खा बाक माझ्या मताचा झाला. "मेट्रो आपल्या हयातीत होत नाही," मी म्हणालो. मेट्रोवरून एरवी माझ्या अंगावर धावून येणारे एक शेजारी हळूच म्हणाले, "साची वात छे, भाई." मग हयात या शब्दाचा त्यांनाच धक्का बसला आणि त्यांनी घाईघाईने नारळपाण्याचा विषय काढला.

हे कुठवर जातं ते पाहावं म्हणून एकदा मी या शेजाऱ्यांना सांगितलं, "तुमचा लोचो म्हणजे बिघडलेला ढोकळा. त्याचं एवढं कौतुक कशाला?" माणूस पिढ्यानपिढ्यांचा सुरती. रविवारी सकाळी लोचो खाल्ल्याशिवाय त्याला देव आठवत नाही. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "ते पण बरोबरच आहे." माझा आजार किती गंभीर आहे ते मला त्या क्षणी कळलं. स्कॅनच्या रिपोर्टनेही एवढी भीती घातली नव्हती.

सुरतेत आजाऱ्याला नुसतं भेटायला येत नाहीत, 'खबर काढायला' येतात. हातात नारळ असतात आणि बोलण्यात एक बरा झालेला काका असतो. तो काका कधी बडोद्याचा, कधी नवसारीचा, आणि प्रत्येक काका वेगळ्याच पाल्याने बरा झालेला. डॉक्टर सांगतात, पचेल ते सगळं खा. मोबाईल सांगतो, दूध बंद, साखर बंद, गहू तर विषच. आमच्या घरात डॉक्टरांचं एक मत आणि मोबाईलची सतरा, त्यामुळे बहुमताने मी ज्वारीच्या पेजेवर होतो.

एवढं सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण माझा मोठा भाऊही बदलला. दादा सुरतेतच, गोडादऱ्यात राहतो. जन्मभर कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात काम केल्यामुळे तो कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जातं. तो सरकारच्या बाजूचा, मी विरोधातला. उद्या सरकार बदललं तर आम्ही बाजू बदलून घेऊ, पण भांडण सोडणार नाही, असा आमचा जुना जिव्हाळा. महाराष्ट्रातल्या भाषेच्या वादावर त्याची मतं फार कडक आहेत, मराठी माणसाने मराठीच बोलायचं. तो घरात अहिराणी बोलतो, दुकानात गुजराती आणि नातवंडांशी हिंदी. ही विसंगती दाखवली की तो ताटावरून उठायचा. आता दाखवली तर बारीक आवाजात म्हणाला, "तू म्हणस ते खरं शे." मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. हा माणूस माझ्याशी भांडत नाही, म्हणजे याने मनातून मला निरोप देऊन टाकला, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि ते सहन होत नव्हतं.

श्रावणात दादाकडे आमच्या खानदेशी देवीचे, कानबाईचे रोट असतात. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, ते दळून जाड रोट भाजतात आणि तो नैवेद्य भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा असतो. बायकांची मूठ धरत नाहीत. निवडणं, दळणं, रांधणं तेवढं त्यांच्याकडे, त्याला देवीची हरकत नाही.

यंदा वहिनी मोजायला बसली. दादाची मूठ सुपात पडली, पुतण्याची पडली, त्याच्या दोन्ही मुलांची पडली. कॅनडात बसलेल्या माझ्या मुलाचीही पडली. मग वहिनीने सूप उचललं.

"वहिनी, मी राहिलो," मी म्हणालो.

"तुमले गहू बंद शे ना भाऊ," ती मायेने म्हणाली, "म्हनीसन नही लिधी."

आणि बोलता बोलताच तिचा चेहरा पांढरा पडला. कॅनडावाला तरी कुठे रोट खायला येणार होता? मूठ खाण्याची नसते, असण्याची असते. आमच्या घरात ज्याची मूठ थांबते तो माणूस गेलेला असतो. मोबाईलवरचं पथ्य पाळता पाळता बिचारीने मला देवीसमोर वजा केलं होतं. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला.

मी म्हणालो, "मतदार यादीतून नाव काढायचं झालं तरी आधी घरी येऊन विचारतात."

कोणी हसलं नाही. खरं सांगतो, मलाही हसू आलं नव्हतं. वहिनी रडत रडत माझ्या नावाने ओंजळच भरायला लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, माझी मी घेतो.

केमोपासून माझ्या बोटांच्या टोकांना स्पर्श कळत नाही. शर्टाची बटणं बायको लावून देते. मी पोत्यात हात घातला, मूठ आवळली असं मला वाटलं, आणि सुपापर्यंत येईतो गहू बोटांतून फरशीवर सांडत गेले. सुपात पडले ते चिमणीला पुरले असते.

"झाली, झाली," बायको म्हणाली.

"भरपूर व्हयनी," वहिनी म्हणाली. पुतण्यानेही मान डोलावली. सगळे पुन्हा माझ्या मताचे.

दादा सुपाकडे बघत होता. मग त्याने जमिनीकडे बघितलं. मग त्याचा तो जुना, लूमखात्यातला आवाज फुटला.

"कसानी भरनी! अर्धी सांडी गई. परत ले!"

"भरली आहे," मी म्हणालो.

"नही भरनी!"

"तुला दिसत नाही दादा, चष्मा लाव."

"माले बराबर दिसस!" तो ओरडला. समोरच्या घराची खिडकी उघडली. "कानबाईले फसाडी राहिना का? सव्वा मूठ म्हंजे सव्वा मूठ. ले परत!"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी त्याला सांगत होतो की तू आयुष्यात कधी बरोबर नव्हतास, आजही नाहीस. तो पोतं माझ्याकडे सरकवत होता. मी पुन्हा हात घातला.