आधी पाण्यात उतरणारा ड्रायव्हर

नाल्याला जरा पाणी दिसलं की तो मोटार थांबवायचा. चपला काढून सीटखाली सरकवायचा, धोतर गुडघ्यावर खोचायचा आणि बांबूची काठी घेऊन पाण्यात उतरायचा. पलीकडून येणारा गाडीवान ओरडून सांगायचा, "घोट्याएवढंच हाय जी, येऊ द्या!" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे.

"ऐकलं. आता पाहू द्या."

मोटारीत बसलेली माणसं कावायची. कुणाला चांद्याला कोर्टात पोचायचं असायचं, कुणाची कोंबडी टोपलीत तडफडत असायची. हा आपला काठी टेकवत पलीकडे जायचा, तसाच परत यायचा आणि मग गाडी पाण्यात घालायचा. पेट्रोल भरलंय असं क्लीनरनं सांगितलं तरी टाकीत काडी बुडवून पाहायचा. दार लागलंय असं मी सांगितलं तरी उठून ढकलून पाहायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपला शब्द त्यांना पुरत नाही, याचा राग येतो.

मी तेव्हा सावली या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. माझं गाव वर्ध्याकडचं. आमचा भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात जायच्या आधीचा हा काळ. बाळंतपणासाठी आसपासच्या गावांना जायला एकच खाजगी प्रवासी मोटार होती आणि तिचा ड्रायव्हर हा. लोक त्याला ड्रायव्हरभाऊ म्हणायचे आणि तो उतरला की त्याच्याबद्दल बोलायचे.

त्या बोलण्याला कारण होतं. एकदा फौजदारसाहेब मोटारीत चढले. गोदावरीपलीकडच्या सशस्त्र उठावातून पळालेली माणसं आपल्या जंगलात लपली आहेत, असं तेव्हा पोलिसांच्या डोक्यात होतं. ड्रायव्हरच्या सीटखाली इंग्रजी पुस्तक पाहून साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"किती शिकलास?"

"एम. एस्सी. झालो. पुढे नागपुरात संशोधन करत होतो."

फौजदारांनी टोपी मांडीवर ठेवली. "मग मोटार कशाला चालवतोस?"

"चालवता येते म्हणून."

"तिकडे गोदावरीकाठी, सिरोंच्याकडे कोण आहे तुझं?"

"कुणी नाही, साहेब. समोरून बैल येतायत, जरा पाहू द्या."

साहेब उतरून गेले, पण संशय मोटारीतच राहिला. एवढा शिकलेला माणूस इथी येऊन हाताला ग्रीस लावते काऊन? कुणी म्हणे, बायकोला मारून आलाय. कुणी म्हणे, कॉलेजची पेटी फोडली. माझी घरमालकीण काशीबाई तर मला बजावायची, "बाई, त्याच्या बाजूच्या शिटावर बसत नोका जाऊ. शिकेल मानूस गरीब होऊन राह्यला, तर काईतरी खोट असतेच."

मी हसायचे, पण बसायची मागेच. परगावी एकटी राहणाऱ्या बाईला संशय हा छत्रीसारखा जवळ ठेवावा लागतो.

त्याच्याबद्दलची आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांनीच पाहिलेली होती. वाटेत मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती असलेलं एक गाव होतं. गाव लहान, तलाव मोठा. तिथे चढणारे-उतरणारे एकदोनच, पण मोटार हमखास जास्त वेळ थांबायची. हा उतरून तलावाच्या बांधावर, पाळीवर चढायचा आणि पलीकडे दिसेनासा व्हायचा. परत आला की गाडी सुरू करायचा.

"तिथी बाई ठेवली हाय त्यानं," क्लीनर मला कुजबुजत सांगे.

एकदा मी पाय मोकळे करायच्या निमित्तानं पाळीवर चढले. बाईबिई कुणी नव्हती. तो काठाशी उकिडवा बसून पाण्याकडे बघत होता. हातात जाळं नाही, गळ नाही. मला पाहताच तो एकदम उठला. चोरी पकडल्यावर माणूस उठतो, तसा. माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. बाई असती तर निदान काही कळलं तरी असतं!

त्या वर्षी पावसाळा ओसरता ओसरता त्याच गावातून मला बोलावणं आलं. सोनाबाई नावाच्या म्हाताऱ्या ढिवरणीची सून पार्वता अडली होती. पोट दगडासारखं झालं होतं. मी नळी पोटाला लावून ऐकलं, पुन्हा जागा बदलून ऐकलं. बाळाचे ठोके नव्हते. पार्वतालाही हालचाल जाणवत नव्हती. बाळ गेलं होतं. आता आई वाचवायची होती आणि त्यासाठी चांद्याचा मोठा दवाखाना गाठायला हवा होता. सोनाबाईला बाजूला घेऊन मी हे सांगितलं. तिनं मान हलवली, पण अशा वेळी कानावर पडलेलं मनात शिरतंच असं नाही.

पार्वताला खाटेसकट मोटारीत चढवलं. ड्रायव्हरभाऊनं स्वतः खाटेचा पाय धरला. गाडी त्यानं अशी हाकली की रस्त्यात खड्डे जणू नव्हतेच. आणि मग नाला आला.

पलीकडून एक बैलगाडी नुकतीच येऊन उभी होती. गाडीवान म्हणाला, "काई नाई जी, चाकाच्या आऱ्याएवढं पानी हाय. चाला!"

हा चपला काढू लागला.

"आज नको!" मी ओरडले. "बाई मरतेय इथे!"

"ऐकलं, बाई. पाहू द्या. हिला घेऊन मधेच अडकलो तर?"

तो उतरला. काठी टेकवत अर्ध्यापर्यंत गेला, वळून हात केला. पाणी खरंच थोडं होतं. तो परत यायला निघाला आणि वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस झाला असावा, लाल पाण्याचा लोंढा आवाज करत आला. तो कसाबसा काठाला लागला. बघता बघता नाल्यातला दगडी रस्ता, रपटा, दिसेनासा झाला.

तो उतरला नसता, तर आम्ही पलीकडे गेलो असतो. हे मोटारीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

पार्वता मोटारीतच मोकळी झाली. मी आणि सोनाबाईनं लुगड्यांचा आडोसा केला होता. मुलगा होता. रडला नाही. बाहेर माणसं ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेली. "तूच मारलं पोरगं! पाहू द्या, पाहू द्या करत मारलं!" मी आतून ओरडून सांगत होते की बाळ आधीच गेलं होतं, पण लोकांना नाला दिसत होता. मला काय ऐकू आलं नाही, ते त्यांना कसं दिसणार? मी डोकं बाहेर काढलं तेव्हा इथेही पाऊस लागला होता आणि तो त्यात उभा होता. कुणी कॉलर धरली होती, ती त्यानं सोडवलीही नव्हती.

पाणी उतरल्यावर त्यानंच मोटार चांद्याला नेली. पार्वता वाचली.

दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात गर्दी संपल्यावर तो दारात येऊन उभा राहिला. मी त्याला बसा म्हटलं नाही.

"थेट गेलो असतो तर पोर वाचलं असतं?"

"नाही."

"माझं मन राखायला सांगू नका."

"तुमचं मन राखायचं मला काय कारण? त्यांच्या घरातच मी पोटाला नळी लावली होती. ठोके नव्हते."

"तुम्ही स्वतः ऐकलं?"

"स्वतः. पुन्हापुन्हा."

त्याची नजर टेबलावरच्या नळीकडे गेली. मला वाटलं, आता हा नळी मागून तीही तपासून पाहणार. पण त्याचे खांदे खाली आले आणि न सांगताच तो बाकावर बसला.

मग तो बोलला. नागपुरात तलावातल्या माशांच्या रोगावर त्याचं काम चाललं होतं. पाण्यात औषध किती सोडायचं, ते तलावाची खोली आणि माती पाहून ठरवायचं होतं. काही तलाव पाहून झाले आणि पावसानं रस्ते बंद झाले. त्याचे प्राध्यापक म्हणाले, राहिलेले तलावही असेच असणार, लिहून टाक. यानं लिहून टाकलं. छापून आलं, वाहवा झाली. पुढे कुणा अधिकाऱ्यानं त्याच प्रमाणानं एका तलावात औषध सोडलं.

"मला कळलं तेव्हा मी आलो. पाणी पांढरं दिसत होतं. माशांची पोटं. काठावर एक म्हातारी होती. मी कॉलेजातून आलोय म्हटल्यावर तिनं एवढंच विचारलं, तुमी आमचा तलाव पाह्यला होता काय जी?"

कोणता तलाव, हे मला विचारावं लागलं नाही.

"प्राध्यापकांना म्हटलं, चूक झाली असं छापू. ते म्हणाले, एका तलावानं काही बिघडत नाही. मग तिथे मन लागेना."

"पण मोटार कशी काय?"

"मोटारीत चुकलं तर चुकणारा आतच बसलेला असतो," तो म्हणाला.

मी चहा केला. एवढे दिवस ज्याच्या शेजारी बसायला भ्यायचे, त्याच्यासमोर बसून प्यायले.

पुढच्या आठवड्यात पार्वताला पाहायला मी त्या गावी गेले. मोटार थांबली. तो पाळीकडे न जाता माझ्या मागून सोनाबाईच्या अंगणात आला. त्याला पाहताच चारसहा ढिवर जमले. एकाच्या हातात वल्हं होतं आणि ते त्यानं खाली ठेवलं नव्हतं.

तो सोनाबाईसमोर उभा राहिला. "पोराचं बाईंनी मला सांगितलं. पण तलावाचं मला सांगायचंय. ते औषधाचं प्रमाण मी लिहिलं होतं. तलाव न पाहता."

सोनाबाई तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला नाही.

"मले माईत हाय."

"माहीत आहे?"

"तुमी कालेजातून आले म्हनून सांगतलं होतं, तवाच समजलं. मंग ड्रायवर होऊन आले. पाळीवर जाऊन बसून राह्यले. आमी समदे पाहून राह्यलो होतो, हा मानूस तोंड उघडते का नाई ते." तिनं सूप खाली ठेवलं. "येवढे दिस लागले काऊन?"

आम्ही सगळे त्याच्यावर नजर ठेवून होतो असं मला वाटायचं. खरी नजर या गावाची होती.

वल्हंवाला पुढे सरकला, तशी म्हातारीनं त्याला हातानंच थांबवलं. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, नाहीतर माफ केलं म्हणेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"मागच्या पावसात माशाचं नवं बी सोडलं हाय तलावात," ती म्हणाली. "आता जाळं वढाचं हाय. आमचे दोन गडी तापानं पडले. येता काय?"

सुटीच्या दिवशी तो गेला. मीही पाळीवर उभी राहून पाहिलं. एम. एस्सी. झालेल्या माणसाला जाळं ओढता येत नव्हतं. चिखलात दोनदा पालथा पडला. पहिल्यांदा पडला तेव्हा ढिवर गप्प राहिले. दुसऱ्यांदा पडला तेव्हा वल्हंवाला आधी हसला, मग सगळे हसले.

काशीबाईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असंल बाप्पा. पन अजून काईतरी असंल." तिचा संशय शेवटपर्यंत फिटला नाही. गावानंही बायको मारल्याची गोष्ट सोडली नाही. मी मात्र त्यानंतर पुढच्या सीटवर बसू लागले आणि त्यावरून माझ्याबद्दलही बोलणं सुरू झालं.

पुढे सरकारी मोटारी आल्या आणि ती खाजगी मोटार बंद पडली. तो बांबूच्या ट्रकवर लागला, दक्षिणेकडे जंगलात. जाताना भेटायला आला, पण मी बाळंतपणाला गेले होते. काशीबाईनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. आरमोरीच्या रस्त्यावर दुपारच्या उन्हात मी पायी चालले होते. मागून बांबूंनी लादलेला ट्रक आला. खिडकीतून बाहेर आलेलं कोपर मी ओळखलं. तो गात होता. सूर पार सोडून, घसा फाडून, दाराच्या पत्र्यावर ताल धरून गात होता. एवढ्या दिवसांत मी त्याला गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. त्यानं मला पाहिलं नाही. धूळ बसेपर्यंत मी मोहाच्या झाडाखाली उभी राहिले. हाक ओठांवर आली होती, पण मारली असती तर तो गायचा थांबला असता.