मिशीची परवानगी

त्यांनी माझ्या बापाला भर चौकात न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं. दोघांनी दंड धरले, एकानं मागून डोकं दाबलं. पाटलाच्या पुतण्यानं न्हाव्याच्या हातातून वस्तरा घेतला आणि साबण नाही, पाणी नाही, तशीच कोरडी मिशी खरवडली. वरचा ओठ चिरला. रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. बाबा हलले तसा त्यानं तोंडावर गुडघा हाणला. पुढचा दात तुटला.

मी स्कूटीवर तेलंगणातल्या आदिलाबादहून गावी येत होते. लांबून वाटलं, दाढी चालू आहे. जवळ गेले तेव्हा पुतण्या म्हणत होता, "म्हाराच्या तोंडाले पीळ काऊन पायजे बे? कोनाले दावून राह्यला?"

मी काही केलं नाही. हे लिहायला जड जातं, पण खरं तेच आहे. इतिहासाची एम.ए., डिग्री कॉलेजात शिकवणारी, स्टाफरूममध्ये भल्याभल्यांची तोंडं बंद करणारी मी, स्कूटीचं हँडल धरून उभी राहिले. समोरच्या हॉटेलात माणसं चहा पीत होती, त्यांनी पिऊन संपवला. त्या दिवशी मला पाटलाच्या पुतण्यापेक्षा स्वतःची जास्त किळस आली.

बाबा शाळेत शिपाई होते. जन्मभर घंटा वाजवली, साहेबांना पाणी दिलं. रिटायर झाल्यावर मिशी ठेवली. रोज एरंडेल लावायचे, बारकी फणी आणली होती, आरशापुढून हलायचे नाहीत. आम्ही चिडवायचो, नवरदेव तयार झाले का म्हणून. एवढीच त्यांची हौस. तिनं कोणाचं काय घोडं मारलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ठाण्यात नेलं. अट्रॉसिटीची केस लागली. पुतण्या आत गेला आणि जामिनावर बाहेरही आला. बाबांनी घराबाहेर पडणं सोडलं. ओठाला टाके होते, तोंडावर उपरणं धरून जेवायचे.

त्याच आठवड्यात वर्गात ट्युडर राजांचा काळ आला. आयर्लंडनं इंग्रजांविरुद्ध बंड का केलं, कारणे लिहा. दरवर्षी येणारा प्रश्न. त्यात एक गंमत मी नेहमी सांगायची. इंग्लंडच्या राजानं कायदा केला होता की आयरिश माणसानं कपाळावर केसांच्या लांब बटा ठेवायच्या नाहीत, आपल्या तऱ्हेचे कपडे घालायचे नाहीत आणि वरच्या ओठावर मिशी राखायची नाही. वर्ग हमखास हसायचा. मीही हसायची. राजाला दुसरे धंदे नव्हते का, असं म्हणून पुढं जायची.

या वेळी वर्ग हसला आणि मी हातातला खडू खाली ठेवला. इतकी वर्षं मी कुणाच्या तरी फाटलेल्या ओठावर पोरांना हसवत होते. मला शिकलेली म्हणतात.

मग पुढचा मुद्दा शिकवला. आयरिश सरदारांना राजानं सांगितलं, तुमची जमीन आधी माझ्या स्वाधीन करा, मी तीच तुम्हाला परत देतो. शेत तेच, बांध तोच, कसणारा तोच. पण कालपर्यंत बापजाद्यांची असलेली जमीन आजपासून राजाची मेहरबानी झाली. आणि मेहरबानी काढून घेता येते. पुढं तसंच झालं. जमिनी गेल्या, उभी पिकं जाळली, माणसं कापली. हे मी फळ्यावर चार ओळींत लिहिलं. तेव्हा मला ते पूर्ण कळलं नव्हतं.

कळलं ग्रामपंचायतीच्या हॉलात. पाटलानं राजीसाठी, म्हणजे तडजोडीसाठी, बोलावलं होतं. बाबा म्हणाले, जाऊ, रोजचं भांडण नको. मी हेल्मेट हातात घेऊनच आत गेले, बाहेर ठेवलेली हेल्मेटं चोरीला जातात. पाटील गादीवर होता, पुतण्या खांबाला टेकून. तहसीलसमोर अर्ज लिहिणारा एक म्हातारा आणला होता. त्यानं तेलुगूत टाईप केलेला कागद भरभर वाचला.

बाबांना तेलुगू बाजारापुरतंच येतं. कागदात दोनदा 'चिन्न गोडव' असं आलं. बाबांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी त्यांनी तोंडावरचं उपरणं खाली केलं. माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, गोडवा लिवला हाय त्यायनं. होऊ दे आता. सही करतो."

तेलुगूत गोडव म्हणजे भांडण. चिन्न गोडव, किरकोळ भांडण. दोन्हीकडची चूक होती, कोणाला मार लागला नाही, तक्रार गैरसमजातून झाली, असं त्या कागदात होतं. माझा बाप ज्याला गोडवा समजून पेन उघडत होता तो त्याचा तुटलेला दात होता. त्यांचं ते हसू मला बघवेना.

शेवटी एक ओळ होती. ती मी मोठ्यानं मराठीत सांगितली. यापुढे सदर इसमास मिशी ठेवण्यास पाटील यांची हरकत नाही.

पाटील गोड आवाजात म्हणाला, "तुमी शिकेल हाय, मास्तरीनबाई. आमी तं परवानगी देऊन राह्यलो. ठेवा ना मिशी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधी वस्तऱ्यानं घ्यायची, मग आपल्या हातानं परत द्यायची. आता ती मिशी बाबांची राहणार नव्हती. पाटलानं दिलेली झाली असती, आणि बाबा मरेपर्यंत त्या मेहरबानीचा भार ओठावर घेऊन फिरले असते.

मी कागद ओढला आणि फाडला. "मिशी माह्या बापाची हाय. तुमी कोन परवानगी देनारे?"

पुतण्या आला आणि थोबाडीत दिली. कानात शिट्टी वाजली. त्यानं माझी वेणी हाताला गुंडाळली आणि मला जमिनीवर ओढलं. बाबा मध्ये आले तर त्यांच्या टाक्यांवर ठोसा मारला. टाके उसवले, पुन्हा रक्त. ते रक्त पाहिलं आणि माझ्यातली चौकात उभी राहिलेली बाई मेली. मी उठले आणि हेल्मेट त्याच्या तोंडावर घातलं. एकदा. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो खाली बसला तर दुसऱ्यांदा घातलं. मग त्यांनी मला लाथांनी तुडवलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. खोटं कशाला सांगू, दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा मला पहिल्यांदा शांत वाटत होतं.

आता माझ्यावरही मारहाणीची केस आहे. शिक्षा झाली तर कॉलेजातली नोकरी जाईल. पाटलाकडून पुन्हा निरोप येतात, तुम्ही मागं घ्या, आम्ही मागं घेतो. स्टाफरूममधले म्हणतात, मॅडम, समजून घ्या. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तू कागद वाचून दावला नसता, तं म्या सही केली असती. आता नाई करत."

वकील आमच्यातलेच आहेत, भले आहेत. तारखेच्या आधी त्यांनी मला समजावलं. म्हणाले, ताई, झटापटीत हेल्मेट हातातून सुटलं आणि त्याला लागलं, एवढंच बोला. कोर्ट सांभाळून घेईल.

सुटलं नव्हतं. मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, नेम धरून मारलं होतं, आणि दोनदा मारलं होतं. पिंजऱ्यात उभी राहून मी असंच सांगणार आहे.